अर्धी गोळी

पेनाला बांधलेली दोरी इतकी आखूड की खालच्या रकान्यांपर्यंत पेन पोचायचंच नाही — फॉर्मच वर सरकवावा लागायचा. तिने तो सरकवला. रकाना सातवा : शेवटची मात्रा कधी घेतली, कोणी दिली.

पहिले सहा तिने भराभर भरले होते. मुलीचं वय सोळा. शिक्षण अकरावी, अर्धवट. गोळ्या झोपेच्या, नाव तिने अक्षर न चुकवता लिहिलं, चौदा वर्षं औषधांच्या दुकानात काढल्यावर तेवढं तरी यायलाच हवं... समोरच्या बाकावर तिची लेक ठकी, गुडघे पोटाशी घेऊन, हात बाह्यांत लपवून. ठकीच्या मामाने बारा ठिकाणी फोन केले तेव्हा कुठे हे व्यसनमुक्ती केंद्र सापडलं. एका ठिकाणी अठराच्या आतलं कुणी घेत नव्हते, दुसऱ्या ठिकाणी मुली घेत नव्हते, तिसरीकडचा शहाणा म्हणाला होता, कोंडून ठेवा, आपोआप सुटेल. इथे मुलींसाठी खाटा दोनच. त्यातली एक आज दुपारी एकपर्यंत ठकीसाठी राखलेली, मग ती यादीतल्या पुढच्या मुलीची.

"खरं लिहा," समुपदेशक बाई म्हणाल्या होत्या. "या गोळ्या एकदम तोडल्या तर झटके येतात. शेवटची कधी, केवढी, नेमकं कळलं तरच आम्हाला हात घालता येतो."

तिला हसूच आलं होतं. झटक्यांचं तिला कोण शिकवणार? ठकीच्या गादीखाली रिकाम्या पट्ट्या सापडल्या त्या दिवशी दुसरी एखादी आई रडली असती, डॉक्टरकडे धावली असती. हिने दुकानातून गोळ्या आणल्या, कपाटाच्या दाराला आतून तक्ता चिकटवला — आधी अख्खी, मग पाऊण, मग अर्धी, दोन महिन्यांत बंद. बाहेर वाच्यता नको, आपल्याला कळतं ना सगळं! त्याला आता आठ महिने झाले. गाडी अर्धीवरच अडली. कुंपणानेच शेत खाल्लं, असं मामा म्हणेल. दुकानाचे मालक तेवढंही म्हणणार नाहीत, नुसती किल्ली परत मागतील. आणि नोकरी गेली तर...

नाही, खरं कारण नोकरीचं नाही. पाव गोळ्या तिने केव्हाच कापून डबीत ठेवल्या होत्या. त्या दिल्या का नाहीत?

संध्याकाळी सातला ठकी स्वयंपाकघरात यायची. हात पुढे करायची. मग तिथेच फरशीवर टेकायची, डोकं आईच्या खांद्यावर, आणि अंगात सैलपणा येईतो बोलायची — शाळेतलं, कुठल्याशा मैत्रिणीचं, लहानपणीच्या तापाचं. त्याआधी वर्षभर ती घरात असून नसल्यासारखी होती. "जेवलीस का" ला दाराचा आवाज, एवढंच उत्तर. पाव गोळीवर आणलं असतं तर पुढे शून्य होतं, आणि शून्यानंतर ती कशाला आली असती? मला तिचं डोकं खांद्यावर हवं होतं. तिची गोळी मी मोजत होते आणि माझी ती मोजत होती.

ठकी बाकावरून उठून शेजारी आली. फॉर्मवर नजर टाकली.

"मैत्रिणीने दिली असं लिही," ती हळूच म्हणाली. "चार दिवसांपूर्वी. मी नाही सांगत कुणाला."

किती मायेने म्हणाली. की घरी परत जायची सोय बघत होती? आठ महिन्यांपूर्वी हे ओळखता आलं असतं, आता माया कुठली आणि गोळी कुठली, हेच वेगळं काढता येत नव्हतं — ना तिच्यातलं, ना स्वतःतलं. चार दिवस लिहिलं तर बाई चुकतील आणि पोरीच्या जिवावर बेतेल. खरं लिहिलं — काल संध्याकाळी, आईने — तर तीन आठवडे भेट कुणालाच नाही, गोळ्या देणाऱ्याला तर त्यानंतरही नाही; नियम भिंतीवरच लावला होता.

तिने 'आ' काढला. पुढे पेन चालेना.

बाईंनी आतून विचारलं, झालं का. ती म्हणाली, झालंच. घड्याळात एक वाजायला दहा मिनिटं होती, आणि ती पेन धरून बसली होती, ठकीचा खांदा खांद्याला लागू देत, एक वाजायची वाट बघत.