डॉक्टरचा हवापालट

नवव्या भागात डॉक्टर मेला. मी आत्याला सांगितलं, बेशुद्ध आहे.

हेतू वाईट नव्हता. मालिका परक्या भाषेतली, खाली ओळी इंग्रजीत, आणि आत्याला इंग्रजी येत नाही. म्हणून ती बघायची आणि मी शेजारी बसून मराठीत सांगायचो. मी तिच्याकडे राहतो, कारण तिचं घर माझ्या कॉलेजजवळ आहे आणि वडिलांपासून लांब. डॉक्टर तिचा लाडका. दिवसभर शाळेच्या गणवेशांना काज-बटण करून आलेल्या बाईला चहाच्या वेळी मयताची बातमी कशी द्यायची?

दहाव्या भागात त्याला पेटीत ठेवलं.

"हे काय रे?"

"तपासणी. आडवं झोपवून करतात ते मशीन."

"आणि सगळे काळे कपडे घालून का आलेत?"

"थंडी आहे तिकडे."

अकराव्यात त्याला पुरलं. आत्या चष्मा पुसत होती, तेवढ्यात मी त्याला डोंगरात हवापालटाला पाठवून दिलं.

एकदा माणूस जिवंत ठेवला की त्याचा घरखर्च आपल्यावर पडतो. त्याची बायको दुसऱ्याच्या गळ्यात पडली, तेव्हा मी त्या दुसऱ्याला तिचा भाऊ केलं. भाऊ फार प्रेमळ निघाला. आत्या म्हणाली, "तिकडे नात्यांत मोकळेपणा असतो." दुसऱ्या दिवशी डबा खाताना तिने हे मत कारखान्यातल्या सगळ्यांना सांगितलं. तिथे तिच्या मताला वजन होतं. शिलाईवाल्या, इस्त्रीवाली, सगळ्या घास हातात धरून ऐकायच्या, कारण ही मालिका बघणारी ती एकटीच होती.

मग आला एकविसावा भाग. मालिकेत एक बेकरीवाली होती. तिची धाकटी बहीण तिच्याशी वर्षानुवर्षं बोलत नव्हती. बेकरीवालीने धाडस करून फोन केला. धाकटी म्हणाली, "माझ्यासाठी तू मेलीस," आणि फोन ठेवला. मला मॅच बघायला मित्राकडे जायचं होतं. एवढं कडू सांगितलं की आत्या प्रश्न विचारत बसते. मी सांगितलं, "ती म्हणतेय, ताई, तुझ्याच फोनची वाट बघत होते."

"मग ठेवला का?"

"रडू आवरेना म्हणून."

आत्याने रिकामा कप खाली ठेवला. मग म्हणाली, "बरोबर आहे. मोठीनेच आधी करावा." मी मॅचला गेलो. आपला संघ हरला, तेही सांगून टाकतो.

आत्यालाही एक धाकटी बहीण आहे. आजीचं शिलाई मशीन तिने न विचारता भंगारात दिलं, तेव्हापासून अकरा वर्षं दोघींचं बोलणं बंद. हे मला माहीत होतं. डोक्यात आलं नाही, एवढंच.

एकविसाव्या भागानंतरच्या गुरुवारी आत्या कामावरून आली आणि चपला न काढता माझ्यासमोर उभी राहिली.

"डॉक्टर कुठाय?"

"डोंगरात."

"ओव्हरलॉक मशीनवर बसते ना, तिने सोमवारपासून मालिका बघायला घेतली. तिच्या मोबाईलवर आपल्या भाषेत लागते. ती म्हणते, मेला. मी सगळ्यांदेखत सांगत होते, आता सूप घ्यायला लागलाय म्हणून."

"डबिंगमध्ये मारला असेल," मी म्हणालो.

ती हसली नाही. एरवी अशा वाक्याला ती पाठीत धपाटा घालते.

"बेकरीवालीच्या बहिणीने फोन का ठेवला?"

मी खरं सांगितलं. ती खुर्चीत बसली.

"रविवारी मी फोन केला होता. धाकटीला."

"काय म्हणाली?"

"'कोण?' म्हणाली. मी म्हटलं, मी, ताई. तिने ठेवून दिला." आत्या स्वतःच्या बोटांकडे बघत होती, टोकं सुईने खरखरीत झालेली. "मला वाटलं, रडू आवरेना तिला. आवरलं की करेल. चार दिवस मांडीवर फोन ठेवून बटणं लावतेय मी. सुपरवायझर दोनदा ओरडला."

"आत्या, मी बोलू तिच्याशी?"

"तू? काय सांगशील तिला? मी हवापालटाला गेलेय?"

मी पाणी आणायला उठलो. "तुझ्या बापाने 'फोन कर' म्हटलं असतं ना, तरी मी केला नसता," ती म्हणाली. "पण मी डोळ्यांनी बघितलं होतं रे."

शुक्रवारी शेवटचा भाग होता. ती येऊन बसली, पण आमच्यामध्ये एक अख्खा माणूस मावेल एवढी जागा सोडून.

"तू तोंड उघडायचं नाही. मी चेहरे बघते."

पाऊण तास मी गप्प होतो. मग बेकरीच्या काचेच्या दाराबाहेर धाकटी बहीण येऊन उभी राहिली. खाली ओळ आली. मला राहवलं नाही.

"'ताई, मी चुकले. आत येऊ?'"

आत्याने माझ्याकडे वळूनही बघितलं नाही.

"शपथ, आत्या. तेच लिहिलंय. शब्दन्‌शब्द."

"भांडायला आलीये ती," आत्या म्हणाली. "हनुवटी बघ तिची."

बेकरीवाली हात पुसत दाराकडे निघाली होती. ती पोचायच्या आत आत्याने टीव्ही बंद केला.