चाळीस उजव्या बाह्या

माझी सून दर पौर्णिमेला गच्चीवर पत्ते मांडून बसते. जुगाराचे नव्हेत, चित्रांचे. टॅरो म्हणतात त्यांना. आमच्या शिवणखान्यातल्या दोघी बायका तिच्यासमोर बसून एकेक पत्ता उचलतात आणि नाक ओढत रडतात. रडायला पत्ते कशाला लागतात, असं मी पहिल्याच महिन्यात विचारलं होतं. सून म्हणाली, आम्ही भविष्य बघत नाही. चित्रात आपल्याला काय दिसतं ते बोलायचं, म्हणजे मनात काय साचलंय ते कळतं. एक दिवस ठरवून ठेवला नाही तर ते राहूनच जातं. मी म्हटलं, माझ्या मनात काही साचत नाही, मी रोजच्या रोज बोलून मोकळी होते.

या महिन्यात मात्र साचलं होतं.

बँडवाल्यांचे वीस कोट शिवायला आले होते, जांभळ्या मखमलीचे. आमच्याकडे कापते फक्त मी. तीस वर्षांत माझ्या कात्रीला दुसऱ्या कोणाचं बोट लागलेलं नाही. सून मेजावर कापडाचे थर अंथरते, मी वर बाहीचा पुठ्ठा ठेवते आणि कापते. मखमलीला सुलट बाजू एकच, म्हणून अर्ध्या बाह्या कापून झाल्या की पुठ्ठा पालथा करायचा, तेव्हा उरलेल्या डाव्या हाताच्या निघतात. कोणती बाजू वर आहे ते कळावं म्हणून पुठ्ठ्यावर मी खडूने फुली मारते. शाळेत दोनच वर्षं गेले, पण फुली मला चांगली येते.

त्या दिवशी चाळीसच्या चाळीस बाह्या उजव्या निघाल्या.

आमच्यातल्या एकीला आम्ही मुकी म्हणतो, कारण तिचं तोंड झोपेतही मिटत नाही. ती म्हणाली, बँडवाल्यांना सांगा, डावा हात खिशात घालून वाजवा. दुसरी, लांबडी, फिदीफिदी हसली. मी सगळ्यांदेखत सुनेला झापलं, की कापड तूच उलटं अंथरलंस, लक्ष कुठे असतं तुझं. तिने बाह्यांचा गठ्ठा उचलून कोपऱ्यात ठेवला. दुसऱ्या दिवशी म्हणाली, पुलापलीकडच्या कारखान्यात कापायचं काम मिळालंय, सोमवारपासून जाते. मी म्हटलं, जा.

मुलगा माझा जहाजावर, वर्षातून दोन महिने घरी. घर आणि शिवणखाना आम्हा दोघींच्याच जिवावर चालतो. आणि ती फुली मला दिसली नव्हती, हे मला पक्कं ठाऊक होतं. वर्षभर उजव्या डोळ्यापुढे धुकं होतं. सुईत दोरा ओवायला लांबडीला सांगायचे, वर ‘तुला सवय व्हावी म्हणून’ असंही म्हणायचे. सून गेली तर मी कोणाला झापणार, आणि झापल्यावरही कोण माझं ताट वाढून ठेवणार?

शनिवारी पौर्णिमा आली. दिवेलागणीला मी वाळलेले कपडे काढायच्या निमित्ताने गच्चीवर गेले. पाण्याच्या टाकीमागून चंद्र नुकता वर आला होता, मोठा आणि पिवळट. लांबडीने सरकून जागा केली. सुनेने माझ्याकडे न बघता पत्ते पुढे केले. तिथला नियम असा, की एकीचा पत्ता उघडा असेपर्यंत बाकीच्यांनी चकार शब्द काढायचा नाही.

मी पत्ता उचलला. डोळ्याजवळ नेला, मग लांब धरला, मग मान वाकडी करून डाव्या डोळ्याने पाहिला. एक बाई बसली होती. दोन्ही हातांत तलवारी, छातीवर फुलीसारख्या धरलेल्या, आणि डोळ्यांवर पट्टी. मागे आकाशात चंद्र, पण हिला काय त्याचं.

“बाईला अक्कल नाही,” मी म्हटलं. “डोळे बांधून एवढं धारेचं हत्यार कशाला धरायचं? आणि बसलीय कशी बघा, जशी काही महाराणी. टाक म्हणावं खाली, आणि सोड ती पट्टी.”

नेहमी माझ्या बोलण्यावर कोणी ना कोणी काहीतरी बोलतं आणि मी त्याच्यावर बोलते. आज मुकीसुद्धा गप्प. माझं बोलणं माझ्याच कानात राहिलं.

“बाह्या मी बिघडवल्या,” मी म्हणाले. “कापड सरळच होतं. मला फुली दिसली नाही.”

मुकीचे ओठ हलले, पण नियम नियम. मी पत्ता परत ठेवला तेव्हा सून बोलली.

“मला माहीत होतं, आई. प्रत्येक थरावर हात फिरवूनच अंथरते मी.”

“मग त्याच दिवशी बोलली का नाहीस?”

“तुम्ही बोलाल म्हणून थांबले.”

तेवढ्याने ती राहिली असं समजू नका. माझ्याच घरातली, तिलाही ताठा आहे. ती म्हणाली, मंगळवारी डोळ्यांच्या डॉक्टरकडे चला. आणि कापायचं काम मला द्या. तुमचा डोळा बरा झाला की दोघी कापू. डॉक्टरचं मी लगेच कबूल केलं. कात्रीचं बघते म्हटलं आणि कपडे घेऊन खाली आले. आज ना उद्या मोतीबिंदू निघेल, पण तीस वर्षांची मिरास कुठल्या डॉक्टरने काढायची?

रविवारभर बघितलं.

सोमवारी सकाळी मी तिच्याआधी शिवणखान्यात गेले. उरलेली मखमल मेजावर अंथरली, हाताने चाचपून, सुलट बाजू वर. कात्री पलीकडच्या कडेला ठेवली आणि मी तिच्या रोजच्या जागी, अंथरणारीच्या जागी, उभी राहिले. सून जिन्यावरून उतरली तेव्हा तिच्या खांद्याला पिशवी होती, आत डबा. ती दारातच थांबली. मुकी आणि लांबडी मशीन थांबवून बघत होत्या.

सुनेने पिशवी खुंटीला अडकवली. मेजाला एक वळसा घातला, वाकून कापड न्याहाळलं.

“आई,” ती म्हणाली, “इथे सुरकुती आहे.”

तीस वर्षांत मला असं कोणी बोललं नव्हतं. मी तळहाताने सुरकुती सपाट केली.