खोपटाचं तोंड

विजयमालाने परसात खोपट बांधायला घेतलं, तेव्हा भिमाजीतात्यांनी, म्हणजे तिच्या चुलत्यांनी, पान चावता चावता विचारलं होतं, "पोरीनं कुठं घर बांधल्यालं ऐकलंय का?"

विजयमाला नववी पास झाली होती, तीही भूमितीत पैकीच्या पैकी घेऊन. त्यामुळे ती गप्प बसणं शक्यच नव्हतं. "आता ऐका की मग!" म्हणाली, आणि कुदळ घेऊन निघाली.

खोपट हवं होतं तात्यांच्या पोरांना, बन्सीला आणि छबूला. त्यांनी भातुकली मांडली की कोंबड्या येऊन बोळक्यांत चोची घालायच्या. विजूअक्काने शब्द दिला होता, मामाकडे घोडेगावला जायच्या आत तुमचं घर उभं! आणि मामा तर उद्या सकाळच्या एसटीने तिला न्यायला येणार होता.

चार कोपऱ्यांना बाभळीच्या चार मेढी, त्यांना आडव्या काठ्या, भिंतींना तुराट्या. तुरी झोडून उरलेल्या त्या काड्या गुरं खात नाहीत, एरवी चुलीतच जायच्या. वर उसाचं पाचट. केकताडाच्या दोरीने तिने सगळं असं करकचून आवळलं की बोटांवर वळ उठले आणि घरातली दोरी संपली. जमीन मात्र उन्हाने दगड झालेली. मेढींचे खड्डे कसेबसे वीतभर गेले.

"वीतभर?" गोवऱ्या न्यायला आलेली झुंबरकाकू, म्हणजे बन्सी-छबूची आई, हसली. "आगं, शेळीनं आंग घासलं तरी जाईल की तुजा बंगला!"

हसता हसता ती थांबली. तिने दाराकडे पाहिलं, कलत्या उन्हाकडे पाहिलं आणि डोक्यावरची पाटी खाली ठेवली.

"विजे, दार कुनीकडं केलंस?"

"सैपाकघराकडं. चुलीपुढनं तुला पोरं दिसावीत म्हणून."

"आन् सैपाकघर खोपटाच्या कुठल्या अंगाला हाय?"

विजयमालाने मावळतीकडे पाहिलं, उगवतीकडे पाहिलं, आणि तिचा चेहरा उतरला. दक्षिणेला! नकाशात गोदावरी डोळे मिटून दाखवणारी पोरगी स्वतःच्या परसातली दक्षिण विसरली होती.

"यमाच्या दिशेला तोंड करून माजी लेकरं बसवतीस व्हय?"

"काकू, खेळातलं घर ते!"

"घर खेळातलं आसंल, लेकरं खरीच हायेत. दिवेलागनीच्या आत मोड. तुराट्या मी चुलीला घालीन."

छबूने भोकाड पसरलं. बन्सी दार अडवून बसला. "म्या न्हाई मोडू द्यायचो!" ओट्यावरून तात्या म्हणाले, "तरी मी म्हणत हुतो."

मोडायचं म्हणजे गाठी कापायच्या, आणि नवी दोरी कुठून आणायची? विजयमालाने रागाने एक मेढ हलवली. मेढ हलली. पुन्हा हलवली, तर माती भुसभुशीत होऊन मेढ वर आली! वीतभरच तर होती.

गेल्या साली गोठ्याचं छप्पर जमिनीवर बांधलं होतं आणि गल्लीतल्या गड्यांनी ते अख्खं उचलून मेढींवर ठेवलं होतं. छप्पर उचलता येतं, तर घर का नाही?

"बन्सी, गल्लीतली सगळी पोरं बोलाव. शेंबूड पुसायला थांबू नका म्हणावं!"

पोरं आत शिरली. सगळ्यांनी आडव्या काठ्या धरल्या. "उचला!" म्हटल्याबरोबर खोपट उठलं. बाहेरून नुसत्या तंगड्या दिसत होत्या. कोंबड्या उधळल्या, पाचट गळायला लागलं.

"डावीकडं! आरं, तुजं डावं न्हाई, घराचं डावं!"

"आयला, घर चाललं की!" तात्या पान चावायचं विसरून उठले आणि कलंडणारा कोपरा त्यांनीच धरला. "पर आता मेढी कुठं रोवायच्या? पुन्ना खड्डे?"

"त्याच खड्ड्यांत, तात्या! खोपट चौरस हाय. पाव वळसा घेतला की कोपरे जुन्याच कोपऱ्यांवर बसत्यात."

आणि बसलेही. एक मेढ जरा अडली, ती तात्यांनी दगडाने ठोकली. दार उगवतीला आलं.

झुंबरकाकू कंबरेवर हात ठेवून बघत होती. "झाक झालं. पर आता चुलीपुढनं मला पोरं दिसायची कशी?"

विजयमालाने विळा घेतला आणि स्वयंपाकघराकडच्या भिंतीतल्या तुराट्या छाटून टीचभर खिडकी पाडली. मग विचारलं, "खिडकीला दक्षिण चालती का गं?"

काकूने खिडकीत डोकावून पाहिलं, हाताने माप घेतलं, विचार केला.

"चालती. एवढ्याशा भोकातनं यमाचा रेडा काय शिरत न्हाई."

ती आत जाऊन गूळ-शेंगदाणे घेऊन आली आणि खिडकीतून वाटायला लागली. पोरांच्या हातांत एक केसाळ हातही पुढे आला. तो तात्यांचा होता.

सकाळी मामा आला, तर तात्यांनी चहासुद्धा न विचारता त्याला आधी परसात नेलं. "आमच्या पोरीनं बांधलंय," ते म्हणाले, "आन् वर चालवूनबी दावलंय!"