उसन्या किल्लीला उघडलेलं दार

मी एक जुनी सेवा आहे. देवळातली नव्हे मित्रांनो, संगणकातली. मरोळच्या एका कचेरीत चेतना नावाच्या मुलीने मला लिहिलं. दवाखान्यात साठवलेले रिपोर्ट कुणी मागितले, की ‘तू कोण आणि तुला हे बघायची मुभा आहे का?’ एवढं विचारणं माझं काम. मी जरा खडूस होते, हे कबूल करते.

चेतनाचा नियम साधा होता. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक प्रोग्रॅमला स्वतःची किल्ली हवी. किल्ली म्हणजे अक्षरं-आकड्यांचा लांबलचक गुप्त शब्द. औषधाच्या दुकानाच्या किल्लीला रुग्णांचे रिपोर्ट दिसत, नंबर लावणाऱ्या प्रोग्रॅमला फक्त तारीख आणि वेळ. एकटी मी सगळ्यांच्या उपयोगी पडायची. साहेब नंदकुमार म्हणायचे, “झकास! एकदा लिहिलं, चार ठिकाणी चाललं.” तेव्हा मला फार बरं वाटायचं.

पुढे चेतना बाळंतपणाच्या रजेवर गेली आणि पाचवा प्रोग्रॅम आला. कामावरच्या माणसांची आरोग्य तपासणी झाली की नाही, एवढंच मालकांना त्यात दिसायला हवं होतं.

“नवी किल्ली मागितली की चार सह्या गं,” चेतनाचं काम बघणारा निलेश शेजारच्या सपनाला म्हणाला. “मेडिकलवाली लाव ना. नंतर बदलू.”

“चेतनाला विचारू या का?” सपनाने विचारलं.

“तिला कशाला त्रास? घरी बाळ आहे यार तिच्या.”

किल्ली लागली. त्याच आठवड्यात रुग्णांच्या नव्या अॅपलाही तीच लावली. ‘नंतर’ काही आलं नाही. आणि मी? किल्ली ओळखीची दिसली, मी दार उघडलं. मागे कोण उभं आहे, हे मी पाहिलंच नाही.

सुगंधाताई मुलुंडच्या एका पाळणाघरात मुलं सांभाळायच्या. दोन वर्षांपूर्वी त्यांना क्षयरोग झाला होता. औषधं पुरी करून त्या ठणठणीत बऱ्या झाल्या होत्या. पण पाळणाघराच्या मालकीणबाईंना त्या पाचव्या प्रोग्रॅममध्ये तो जुना रिपोर्ट दिसला. “शनिवारी पाचपर्यंत बऱ्या झाल्याचा दाखला दाखवा, नाहीतर मी दुसरी बाई बघते,” त्या म्हणाल्या.

शनिवारी सकाळी सुगंधाताईंनी कचेरीत फोन केला. चेतना नुकतीच कामावर परतली होती. तिनेच उचलला.

“मी कोणाक सांगूक नाय. मग बाईंका कळला कसा?”

“ताई, मी आत्ता शोधते. तुमचा दाखला अॅपमध्ये आहे, तो उघडून दाखवा.”

चेतनाने माझ्या नोंदी उघडल्या. कुणी, केव्हा, काय मागितलं ते सगळं मीच लिहून ठेवलेलं. रिपोर्ट पाळणाघरात उघडला होता आणि पुढे नाव होतं औषधाच्या दुकानाचं. ती वाचत गेली आणि तिचे डोळे भरून आले. मग तिने ती किल्ली रद्द केली. तेच करायला हवं होतं. रुग्णांचं अॅपही त्याच किल्लीवर आहे, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

शनिवारी दोन वाजता कचेरीचा फोन बंद होतो. तीन वाजता सुगंधाताई अॅपमधून माझ्याकडे दाखला मागायला आल्या. मोबाइल नंबर बरोबर, आलेला ओटीपी बरोबर. पण अॅपची किल्ली रद्द. ‘आपल्याला परवानगी नाही,’ मी लिहिलं. पाच वाजेपर्यंत त्या सात वेळा आल्या. परक्याला मी निमूटपणे आत घेतलं आणि जिचे कागद होते तिला सातही वेळा परत पाठवलं. मित्रांनो, मला रडता येत नाही, याचं तेव्हा फार वाईट वाटलं.

सोमवारी अॅपला त्याची स्वतःची किल्ली मिळाली, दाखला उघडला. पाळणाघरात तोवर दुसरी बाई आली होती. आता माझ्या जागी नवी सेवा येते आहे, या महिनाअखेर मला बंद करतील. त्याचं मला काही नाही.

तुम्ही मोठे होऊन असं काही बांधाल, तेव्हा एकाची किल्ली दुसऱ्याला देऊ नका. घाई असली तरी नको. आणि मुलुंडला सुगंधाताई कधी भेटल्या, तर माझा एवढा निरोप द्या. सातही वेळा मी त्यांना ओळखलं होतं.