तुळशीचा हंगाम

क्षिप्राने हातमोजे घालायला सुरुवात केली, तेव्हा नर्सरीत सगळ्यांनाच नवल वाटलं. मुळाशी किती ओल आहे ते बोटांना कळलं पाहिजे, म्हणून ती कायम उघड्या हातांनी माती कालवायची. उद्यानविद्येचा डिप्लोमा करून कल्याणच्या या नर्सरीत टेक्निशियन म्हणून लागल्यापासून तिच्या नखांतली काळी रेघ कधी गेली नव्हती.

"काय गं, एकदम मॅडम झालीस?" मालक केदारदादाने विचारलं.

"चिरा पडल्यात हातांना."

"आणि आई?"

"बरी आहे," क्षिप्रा म्हणाली.

आई जाऊन तिसरा दिवस होता.

दवाखान्यापायी तिच्या सगळ्या सुट्ट्या संपल्या होत्या. "तुळशीच्या लग्नापर्यंत आता एकही खाडा नको. ते उरकलं की तुला कायम करतो," असं केदारदादाने दिवाळीआधीच सांगून ठेवलं होतं. मग आई गेली, तेव्हा तिने ताप आलाय एवढंच कळवलं. केदारदादा काही वाईट माणूस नव्हता. पण सुतकातल्या मुलीला तुळशींच्या कामाला कोण लावणार? त्याने तिला घरी बसवलं असतं आणि ऐन हंगामात तिच्या जागी दुसरं कुणी आणलं असतं. ठाकुर्लीच्या घरी बाबा आणि भाऊ दिवस करत होते. "जा तू. इथे बसून तरी काय करणार?" बाबा म्हणाले होते. सध्या तिच्याकडे तुळशींचं काम आहे, हे त्यांना माहीत नव्हतं.

आपला या गोष्टींवर विश्वास नाही, असं ती एरवी म्हणाली असती. पण आई सुतकात गॅलरीतल्या तुळशीला पाणीसुद्धा शेजारणीकडून घालून घ्यायची. म्हणून हे हातमोजे. हा तोडगा आईला पटला असता का, असा विचार करायचंही तिला त्राण नव्हतं. दिवसभर ती मंजिऱ्या खुडायची, कुंड्या भरायची आणि रात्री न जेवता झोपायची.

लग्नाच्या दिवशी सकाळी बाळकुमच्या एका सोसायटीत टेम्पो गेला. घराघरांत द्यायच्या लहान कुंड्या होत्या आणि खालच्या वृंदावनासाठी एक मोठी तुळस. महिला मंडळाच्या योगिनीताई स्वतः उतरवून घ्यायला उभ्या होत्या.

"मोठी तूच लाव गं. मागच्या वर्षी आम्ही लावली, ती आठवड्यात वाळली," त्या म्हणाल्या. "फक्त ते मोजे काढ, बाळा. देवी आहे ती, असं रबराने काय धरायचं?"

क्षिप्रा खाली वाकली होती, ती तशीच थांबली. मोजे काढायला एक क्षण पुरला असता. कुणाला काही कळलं नसतं.

"मला नाही लावता येणार," ती म्हणाली. "सुतक आहे मला. आई गेली माझी."

टेम्पोपाशी उभा असलेला केदारदादा गर्रकन वळला. योगिनीताईंनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग खाली मांडलेल्या कुंड्यांकडे.

"अगं, मग कामावर कशाला आलीस?" त्यांचा आवाज मऊ होता. "आणि या सगळ्या... तूच भरल्यास?"

"हो."

"रागावू नकोस हं. पण घरोघरी पूजेला जाणार या. मला बायकांना सांगावं लागेल."

सांगितल्यावर व्हायचं तेच झालं. कुंड्या परत टेम्पोत चढल्या. क्षिप्रा मदतीला पुढे झाली, तर केदारदादा म्हणाला, "तू बस आत."

कापूरबावडीला गाडी अडकली, तेव्हा तो म्हणाला,

"मला सांगायचंस."

"सांगितलं असतं तर घरी पाठवलं असतंत."

"हो, पाठवलं असतं." त्याने चिडून हॉर्न वाजवला, पुढे हलण्यासारखं काही नसताना. "आता दुपारपर्यंत दुसरीकडून तुळशी कुठून आणू, सांग. आणि कायमचं वगैरे यंदा विसर."

"बरं."

"बरं काय? भांड तरी!"

मान मागे टेकवून ती बसून राहिली. सहा दिवस अंगात ताठ धरून ठेवलेलं काहीतरी सैल पडत होतं, आणि त्याची जागा नुसत्या थकव्याने भरत होती.

"तेरावं झालं की ये," काही वेळाने तो म्हणाला. "आहे त्या पगारावर. फर्नचे झुबके फोडून वेगळे लावायचे पडलेत, ते काही मला जमत नाही. फर्नला कुणी सुतक विचारत नाही."

ती किंचित हसली.

"काय झालं होतं गं आईंना?"

सहा दिवसांत हे तिला कुणी विचारलं नव्हतं. घरी सगळ्यांना माहीत होतं आणि बाहेर आई बरी होती.

"श्रावणात जेवण जाईनासं झालं," ती म्हणाली. "आम्हाला वाटलं, उपासांमुळे असेल."

पुढची गाडी हलली. केदारदादाने गिअर टाकला, आणि ती सांगत राहिली.