सागाचा बोर्ड

काशी बुडाली ती हंड्यापायी. भरलेला हंडा हातातून निसटला, डोहाकडे सरकला, ती दोन पावलं त्याच्यामागे गेली आणि पायाखालचा दगडच संपला. हंडा मागाहून खालच्या अंगाला सापडला, साधा पोचाही नव्हता. तिची पोर रविना मग त्याच हंड्याने पाणी भरायला लागली. आजी गुणाबाई काठावर बसून राहायची. पोरीने पाण्यात पाय घातला की म्हातारीचा जीव टांगणीला लागायचा.

टोकावड्याच्या अलीकडे, नदीला लागूनच आमचं गाव. इथला पोरगा चालायला लागला की पोहायलाही लागतो. पाठीला पांगाऱ्याचं लाकूड बांधायचं, बापाने ढकलून द्यायचं, झालं. पांगारा इतका हलका की बुडता बुडत नाही. पोरींना मात्र पांगारा बांधायचा नाही. बांधला तर पोरीचं लग्न तसंच तरंगत राहतं म्हणे! पाणी भरायला पोरी, धुणं धुवायला पोरी आणि पोहायला पोरगे. असल्या अकलेची आरतीच ओवाळायला हवी.

काशी गेल्यावर ग्रामसभा भरली, तेव्हा गुणाबाई उभी राहिली.

"पोरींना पोवायला शिकवा. येवढंच मागनं हाय माझं."

सरपंच पंढरीशेठ हसले. "गुणाकाकी, उद्या लग्नं कशी व्हायची पोरींची? तुमी काळजी नका करू. आपून डोहावर बोर्ड लावू."

पुरुषांनी टाळ्या वाजवल्या. पाण्यावर जाणाऱ्या आम्हा बायकांत वाचता येणारी एकही नव्हती. ज्यांना वाचता येत होतं त्या सगळ्यांना पोहता येत होतं. मी हे बोलूनही दाखवलं, तर माझ्याच नवऱ्याने मला खाली बसवलं.

तो बोर्डही त्यानेच केला. नवसू सुतारकाम करतो. सरपंचांनी सभेत सागाची फळी मंजूर केली आणि आमच्या अंगणात पांगाऱ्याची आणून टाकली. "रंग मार रे, कोन बघतंय!" साग त्यांच्या नव्या घराच्या चौकटीला गेला. नवसूने मुकाट्याने रंग मारला. मी घरात भांडी आपटली, पण बाहेर मीही गप्पच.

बोर्डाच्या उद्घाटनाला तालुक्याहून साहेब आले. डोहाच्या काठी मांडव, खुर्च्या, हारतुरे. ज्या दगडावर आम्ही धुणं धुतो, नेमका त्याच्यावर खांब उभा केलेला. 'येथे पोहण्यास सक्त मनाई आहे.' लाल अक्षरं, खाली सरपंचांचं नाव त्याहून मोठं.

"अस्सल सागाची फळी!" पंढरीशेठ भाषणात म्हणाले. "नातवंडं बघतील आपली!"

मग फोटो. फोटोवाला म्हणाला, "शेठ, जरा मागं." शेठ बोर्डाला धरून जरा मागं सरकले. आणखी जरा. दगडाला शेवाळ होतं. पांगाऱ्याच्या मऊ लाकडात खिळा कुठला धरायला! शेठ, फळी आणि हार एकदमच डोहात गेले.

पंढरीशेठ लहानपणापासून वाशिंदला मामाकडे वाढलेले, त्यांना पोहता येत नाही हे गावाला तेव्हाच कळलं. आमचे पट्टीचे पोहणारे इस्त्रीच्या कपड्यांत एकमेकांची तोंडं बघत राहिले. साहेबांसमोर कपडे काढायचे कसे? एकाने तर बोर्ड होता त्या रिकाम्या खांबाकडे बोट दाखवलं. मनाई होती ना!

पण शेठ बुडले नाहीत. फळीला पोटाशी कवटाळून ते तरंगत राहिले. गुणाबाई कंबरभर पाण्यात उतरली, तिने मांडवाची काठी पुढे केली आणि त्यांना फळीसकट ओढून काढलं. तेव्हा कुठे पुरुष मदतीला धावले.

शेठ खोकत होते, साहेब पाठ चोळत होते. गुणाबाईने फळी काही सोडली नाही.

"पंढरी, फळी कसली रे ही?"

शेठनी तिच्याकडे पाहिलं, मग साहेबांकडे. नवसू जमिनीकडे बघत होता.

"सा... सागाची."

"मोठ्यानं बोल."

"सागाची, काकी."

"मंग ही मी रविनाच्या पाठीला बांधनार. पोरींना पांगारा चालत नाय, सागाचं कोनी काय बोललेलं नाय. हरकत हाय कोनाची?"

सगळा गाव शेठकडे बघत होता. शेठनी ओल्या टोपीने तोंड पुसलं.

"नाय," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी गुणाबाईने काशीच्या लुगड्याने फळी रविनाच्या पाठीला बांधली. मग माझ्या भिमीची पाळी. मग गावातल्या सगळ्याच पोरींची. पाठीवर 'सक्त मनाई' घेऊन पोरी डोहभर हातपाय मारायच्या आणि मी काठावर पोट धरून हसायचे. हसता हसता काशीची आठवण यायची आणि डोळे भरायचे.

त्या उन्हाळ्यात एकदा रविनाच्या हातून हंडा निसटला. डोहाकडे सरकला. पाठीला तेव्हा फळी नव्हती. गुणाबाई ओरडत उठेपर्यंत पोर हात मारत हंड्यापाशी पोहोचलीही होती. हंडा ढकलत ढकलत ती काठाला आली.

गुणाबाईने नातीला ओल्या केसांसकट छातीशी घट्ट धरलं. हंडा पुन्हा पाण्यात घरंगळत गेला, तिकडे तिने पाहिलंसुद्धा नाही.