कोपीवरचा पाऊस

"मनकर्णाताई, सतरा जानेवारीला अठ्ठावीस मिलिमीटर?" वहीवरचं बोट न उचलता धनश्री मॅडमनी विचारलं. "त्या दिवशी अख्ख्या तालुक्यात थेंब नव्हता."

"पडला की. मीच मोजला. कोपीवर पडला, चूल वाहून गेल्ती."

"कोपी कुठली?"

"श्रीगोंद्याची. ऊसतोडीला गेल्तो न्हाई का आमी."

मॅडम विद्यापीठात पावसावर पीएच.डी. करत होत्या. पाथर्डीकडच्या चौदा गावांत त्यांनी पाऊस मोजायची यंत्रं बसवली, त्यातलं एक पाच वर्षांपूर्वी मनकर्णाच्या अंगणात. बाई सातवी शिकलेली, अक्षर गोल, वेळेची पक्की. सकाळी साडेआठला बाटलीतलं पाणी काचेच्या नळकांड्यात ओतायचं आणि आकडा लिहायचा. एक दिवसही खाडा करायचा नाही, हे मॅडमनी तीनतीनदा बजावलं होतं. प्रबंधात नाव छापून येईल, असंही सांगितलं होतं.

मनकर्णानं दोन्ही गोष्टी मनावर घेतल्या. दिवाळीनंतर ट्रॅक्टर आला की भांडी, कोयते, कोंबड्या आणि गोधडीत गुंडाळलेलं ते यंत्र निघायचं. उसाच्या फडात पहाटेपासून तोड चालायची, पण साडेआठला ती कोयता ठेवून पाचटाच्या कोपीकडे वळायची. मुकादम बजरंग ओरडायचा, "निघाली हवामान खात्याची साहेबीन." नवरा सूर्यभान तेवढा वेळ तिच्या वाटणीचा ऊस तोडायचा, त्याची कौतुकाची रीत तेवढीच. कोरड्या दिवशी शून्य. शून्य लिहितानाही ती पदर सारखा करून बसायची.

प्रत्येक पानावर गावाचं नाव आधीच छापलेलं होतं. तिला वाटलं, रेशनकार्डावर असतं तसं ते लिहिणारीचं गाव. माणूस कुठंही गेलं तरी गाव तेच राहतं.

प्रबंध बांधायला देण्याआधी तालुक्याच्या आकड्यांशी ताळा घ्यायला त्यांच्या मार्गदर्शक सरांनी मॅडमना पाठवलं होतं. सगळं ऐकून त्या चिडल्या नाहीत. चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. कोरड्या टापूत हिवाळी पाऊस वाढतोय, असं एक अख्खं प्रकरण आपण या वहीच्या जिवावर लिहिलं, हे त्यांनी पार खालच्या आवाजात सांगितलं.

"अहो, तेवढे महिने पानं कोरी ठेवली असतीत तरी चाललं असतं."

"खाडा करायचा न्हाई म्हनला हुता तुमी. पर कुठल्या तारखेला कुठं हुतो, ते सांगते की मी."

"सर नाही मानणार. एकदा शंका आली की सगळंच जातं. हे केंद्रच काढावं लागेल."

"आन नाव?"

मॅडमनी लॅपटॉप मिटला. "तेराच नावं जातील, ताई."

मॅडमच्या पिशवीत वरच शेजारच्या गावची वही होती. मनकर्णानं ती न विचारता उघडली. दिवाळी ते पाडवा, ओळीनं शून्यं. सगळी एकाच शाईची, एका बैठकीत उतरवल्यासारखी.

"ही पोरगी तर माज्या शेजारच्या फडात हुती," ती म्हणाली. "तिचं यंत्र हितं गावाकडंच हुतं. मग ही शून्यं कोनी मोजली?"

मॅडमनी वही तिच्या हातातून हळूच काढून घेतली आणि पिशवीत तळाशी घातली. चहा न घेताच उठल्या. यंत्रही जीपमध्ये गेलं.

डिसेंबरात श्रीगोंद्याच्या फडावर पहाटे अवकाळी पाऊस येऊन गेला. उघडल्यावर तोड सुरू झाली. साडेआठला मनकर्णाचा कोयता आपसूक थांबला आणि ती कोपीकडे चालू लागली. बजरंगनं पाहिलं आणि तो मोळ्या मोजू लागला.

कोपी बांधली त्या दिवशीच सवयीनं तिनं पुढ्यात चार विटा मांडल्या होत्या, यंत्राच्या मापाच्या. मधल्या खळग्यात पाणी साचलं होतं. तिनं वाकून बोट बुडवलं. दोन पेरं भरलं.

बोट पदराला पुसून ती फडात परतली. सूर्यभान तिच्या वाटणीचा ऊस तोडत होता.